तिसरं वांगं

एक वांगं. हिरवट, कोवळं, मान निमुळती.

स्टीलचा एक डबा. झाकणावर कोरलेलं: सौ. प्रमिला निंबा, सोनगीर. मामांकडून.

"कार्ट्रिज कोरी असल्यास हिरवा दिवा लागेल. वापरलेली असल्यास लाल दिवा लागून तीनदा आवाज होईल व यंत्र पुढे चालणार नाही." पुस्तिका, पान सत्तावीस.

बोदवडहून निघालेली एक जीप. आत मुलाकडची पाच माणसं आणि पेढ्यांचा पुडा.

एक म्हैस. शनिवारचं दूध नेहमीइतकंच.

रविवारी सकाळी साडेनऊला तौसिफला यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीचीच काय ती खबर होती, पण तेवढ्यानेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

देवपुरातल्या तीस खाटांच्या दवाखान्यात यंत्रं सांभाळायची, हे तौसिफचं काम. वडील, युसूफभाई, जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त करत आलेले. त्यांचा उपदेश एकच: "बेटा, मशीन पे भरोसा रख, मगर धागा देख के." म्हणून तौसिफ सुट्टीच्या दिवशीही येऊन कागद भरत बसला होता. दवाखान्यात नवीन स्टेपलर आला होता. पोटाच्या आत आतडं शिवायचं यंत्र, बॅटरीवर चालणारं, दिसायला सुताराच्या ड्रिलसारखं. त्याच्या जबड्यात बोटभर लांबीची निळी कार्ट्रिज बसवायची, आतड्याचा भाग धरायचा, कळ दाबायची, की केसाएवढ्या पिनांच्या दोन रांगा धाडकन आत. सोमवारी पहिलं ऑपरेशन. त्याआधी सरावाच्या यंत्राची चाचणी झाल्याचा कागद डॉक्टर किरण यांना हवा होता.

सरावाला कंपनीचा फोम यायचा होता, तो आला नाही. शुक्रवारी थिएटरच्या कोपऱ्यात मात्र प्रमिलाअक्कांची पिशवी होती. अक्का म्हणजे थिएटरच्या मुख्य सिस्टर. पिशवीत रविवारच्या भरितासाठी घेतलेली वांगी.

"तीनच घेतो, अक्का," तौसिफ म्हणाला होता.

"दोन घे. पाहुणे येणार आहेत."

त्याने तीन घेतली.

कागदावर छापलेलं होतं:

सरावासाठी उघडलेल्या कार्ट्रिज: तीन.
वापरलेल्या: ______
कोऱ्या: ______

पहिली कार्ट्रिज पहिल्या वांग्यात. धाडकन. दुसरी दुसऱ्यात. धाडकन. ती दोन्ही वांगी त्याने स्वतःच्या हाताने पिवळ्या पिशवीत कचऱ्याला टाकली. तिसरं वांगं जबड्यात धरलं, कळेवर बोट ठेवलं, यंत्र घुर्रर्र झालं, आणि त्याच क्षणी अतिदक्षता विभागातून ओरड आली, पंप बंद पडला. सगळं तसंच टाकून तो धावला. आता ती घुर्रर्र जबडा मिटल्याची होती, की पिना गेल्याची? दोन्हीची घुर्रर्र सारखीच, आणि धाडकन झालं असलं तरी ते ओरडण्यात बुडालं. बोट दाबलं होतं की नव्हतं? बोटाला विचारलं तर बोट गप्प.

तो सफाईवाल्या लताबाईंना शोधत गेला. "मावशी, शुक्रवारी यंत्रात वांगं होतं. कुठंय?"

"बाजूचं बटण दाबलं, तोंड उघडलं, काढलं," लताबाई म्हणाल्या. "वांगं बाईंच्या पिशवीतल्या वांग्यांत टाकलं, निळे तुकडे त्यांच्या डब्यात. जिथलं तिथं."

"वांग्यात पिना होत्या का?"

"चष्मा घरी होता."

"आणि डबा?"

"डबा काल निंबाभाऊ घेऊन गेले. बाईंचं नाव होतं ना वरती."

इथे तौसिफ खाली बसला. खानदेशात भांड्यावर नाव कोरलं की ते भांडं कुठेही गेलं तरी घरी परततं. शेजारणीकडे गेलेली वाटी दहा वर्षांनी नाव वाचून परत येते. तेव्हा पाहुणे जेवायला येणार म्हटल्यावर अक्कांच्या यजमानांनी गावभर हिंडून बायकोच्या नावाचं प्रत्येक भांडं गोळा केलं, यात त्यांची काही चूक नव्हती.

अक्कांची मुलगी हर्षाली हिला बघायला आज मुलाकडचे येणार. शेतात भरीत पार्टी. आणि त्या भरितात कदाचित साठेक पिना. मुलाच्या बापाच्या घशात एक जरी अडकली तरी सोयरीक राहिली बाजूला, त्यालाच ऑपरेशनला आणावं लागेल, आणि ते याच यंत्राने.

अक्कांचा फोन रविवारी बंद असे. निंबाभाऊंचा वाजत राहिला. तौसिफने सरावाचं यंत्र पाठीवरच्या पिशवीत घातलं आणि मोटरसायकल हायवेला काढली.

*

तपासणीची जागा: सोनगीरच्या शिवारात, कडुनिंबाखाली.

कपाशीच्या काड्यांचा जाळ बसला होता. वांगी भाजून, सोलून, हिरव्या मिरचीबरोबर लाकडी बडगीत ठेचून झाली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांची चळत. पंगत बसलेली. मुलाचे वडील रुपचंदआबा यांनी पहिला घास पुरीत धरून तोंडाजवळ नेलेला.

"आबा, थांबा!" तौसिफ बांधावरूनच ओरडला. "खाऊ नका!"

आबांचा हात हवेत राहिला. "हाई कोण शे?"

"आमच्या दवाखान्यातला पोरगा," अक्का उठल्या. "तौसिफ, काय झालं?"

त्याने तीन वाक्यांत सांगितलं. अक्कांचा चेहरा बदलला. हातात वाढायची पळी होती, पण आवाज थिएटरचा आला. "सगळ्यांनी हात थांबवा. मोजणी झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही."

एकोणतीस वर्षं त्या हेच वाक्य थोड्या फरकाने म्हणत आल्या होत्या. तिथे पोट शिवायचं नसे, इथे भरायचं नव्हतं, एवढंच.

"भरितात पिना?" आबा घासाकडे बघू लागले. "आमच्याकडे शेंगदाणे टाकतात."

निंबाभाऊंनी ट्रॅक्टरच्या जुन्या स्पीकरचा लोहचुंबक आणला आणि बडगीवरून फिरवला. त्याला काहीच चिकटलं नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली.

"भाऊ, त्या पिना टायटॅनियमच्या आहेत," तौसिफ म्हणाला. "लोहचुंबकाला धरत नाहीत."

"मंग इतल्या महाग कसाले घेतस, लोहचुंबकलेबी धरतीस नही ते!"

"डबा कुठंय?" अक्कांनी विचारलं.

डबा समोरच होता. त्यात ठेचा होता.

"आणि आतले निळे तुकडे?"

निंबाभाऊंनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "माले वाटनं कपडासन्या क्लिपा शेतीस."

तीन कार्ट्रिज. तिन्ही धुतलेल्या, तिन्ही सारख्या. पिना इतक्या खोल खाचांत बसलेल्या असतात की आहेत की गेल्या, हे डोळ्यांना दिसत नाही. यंत्रालाच कळतं. तौसिफने हिशोब मोठ्याने सांगितला: दोन लाल लागणारच. उरलेली हिरवी लागली तर तिसऱ्या वांग्यात पिना गेल्याच नाहीत, जेवा खुशाल. तिन्ही लाल लागल्या तर बडगी उचलून खड्ड्यात.

"चाळीस वांगी!" निंबाभाऊ म्हणाले.

"गप्प बसा," अक्का म्हणाल्या.

पहिली कार्ट्रिज. टीं टीं टीं. लाल.

"हाई बरं का वाईट?" आबांनी कुजबुजत विचारलं.

"ठरलेलं."

दुसरी. टीं टीं टीं. लाल. झाडावरचा एक कावळा उडाला.

तिसरी. तौसिफने बसवली आणि यंत्र विचारात पडलं. दिवाच लागेना. पाहुण्यांतल्या यशोदाबाई, म्हणजे मुलाची आई, पदर सावरून पुढे वाकल्या. हर्षाली पाण्याचा तांब्या घेऊन आली होती ती तशीच उभी. तौसिफला वडिलांचा धागा आठवला, मग बोट आठवलं, मग काहीच आठवेना.

हिरवा.

"कोरी!" तो ओरडला. "कोरी आहे! जेवा!"

निंबाभाऊंनी त्याला मिठीच मारली. अक्कांनी डोळे मिटून उघडले. पण रुपचंदआबांचा घास काही खाली उतरेना, ना वर जाईना.

"हिरवा दिवा तर व्यापाऱ्याच्या काट्यालाही असतो," आबा म्हणाले. "म्हणून काय तो खरा? पिना आत आहेत ना? मग काढून दाखव."

"अहो, तुम्ही जेवायला आलात की तपासायला?" यशोदाबाई.

"मुलगी बघायला आलो. बघतोच आहे."

नाइलाजाने तौसिफने टोपलीतलं एक उरलेलं कच्चं वांगं घेतलं, त्याची मान जबड्यात धरली, आणि या वेळी मोठ्याने म्हणाला, "आता मी कळ दाबतो आहे. सगळ्यांनी लक्षात ठेवा."

धाडकन. मानेवर पिनांच्या दोन चमचमत्या रांगा.

पंगतीने टाळ्या वाजवल्या. तौसिफने वांगं परातीत ठेवलं आणि घाम पुसायला वळला. निंबाभाऊंची पन्नास वर्षांची सवय: जाळाशेजारी कच्चं वांगं दिसलं की विस्तवात. त्यांनी ते दुसऱ्या खेपेला भाजत ठेवलेल्या वांग्यांत टाकलं.

"अहो!" अक्का.

"काय?"

"तेच होतं ते!"

अक्कांनी चिमट्याने निखारे उकरले. सहा वांगी निघाली, सगळी राखेने काळी. तौसिफ एकेकाच्या मानेवर फुंकर मारत गेला. चौथ्यावर रांगा सापडल्या. अक्कांनी ते केळीच्या पानावर ठेवून आबांच्या पुढ्यात सरकवलं आणि त्यांना पिना मोजायला लावल्या. दोनदा. दोन्ही वेळा साठ आल्या.

मग जेवणं झाली. पहिला घास आबांनी गिळला तेव्हा सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

आबांनी दुसरा घास घेतला, तोही सावकाश चावला.

"मीठ नाही," आबा म्हणाले.

खरंच नव्हतं. इतक्या तपासण्यांत मीठ कोणी तपासलं नव्हतं. यशोदाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि तौसिफ यंत्र घेऊनच उठला. त्यांनी हातानेच त्याला खाली बसवलं. "बस रे भाऊ, पुरीचा तुकडा आहे." मग हर्षालीकडे वळून म्हणाल्या, "मीठ आण, पोरी. आणि येताना पेढ्यांचा पुडा घेऊन ये, जीपमध्येच राहिला."

जाताना आबांनी ते साठ पिनांचं वांगं रुमालात बांधून मागून घेतलं. बोदवडला दाखवायला. अक्कांनी चिठ्ठीवर लिहून त्यांची सही घेतली: वांगं एक, बाहेर दिलं. तौसिफने आपला कागद काढला आणि कडुनिंबाला टेकून रकाने भरले. वापरलेल्या: दोन. कोऱ्या: एक. मग 'एक' खोडून 'होती' असं लिहिलं.

लताबाईंनी पिशवीत टाकलेलं ते तिसरं वांगं, मान जरा चेपलेली दिसली म्हणून, निंबाभाऊंनी शुक्रवारी संध्याकाळीच म्हशीला घातलं होतं.