दोन चाकांवरचा पांगुळगाडा

मित्रांनो, मी पांगुळगाडा. जुना आहे, एका चाकानं कमी आहे, आणि एका जागी बस म्हटलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. लाकडाला कसला काटा, म्हणून हसू नका. ऐका आधी.

मला घडवलं ठाण्याच्या कोपरीत, अल्फान्सो सुतारानं. आगगाडी ठाण्याला येऊन तीसेक वर्षं झाली असतील तेव्हा. पुढं एक चाक, मागं दोन, आणि पोरानं धरायला वर एक आडवी दांडी. त्याचा पॉल तेव्हा रांगत कोंबड्यांच्या मागं लागायचा. मला बघितलं आणि उठलाच. मग आम्ही दोघांनी अंगण उलथंपालथं केलं. सुपं, मडकी, कोंबड्या, काही सोडलं नाही. "काय गाडा केलायस रे," लोक अल्फान्सोला बोलायचे, आणि मी फुगायचो. एक दिवस पॉलनं दांडी सोडली आणि स्वतःच्या पायांनी सुटला. मागं वळून पण बघितलं नाही.

मला छपरीत टांगलं. टांगलेल्या चाकाचं काय होतं सांगू? वारा आला की ते जरासं फिरतं, आणि त्याला वाटतं आपण निघालो. कुठं निघालो, डोंबल. समोर भिंत, मागं भिंत.

शेजारची मालन रोज छपरीपुढून जायची. कडेवर तिची लक्ष्मी, पुढं नवरा धाकू, दोघं मिठागरावर मीठ ओढायला. एका सकाळी अल्फान्सोच्या बायकोनं, स्टेलानं, मला खाली काढलं आणि तिला बोलली, "ने गं हा. आमच्या पॉलचं काम झालं."

"ती बसत पण नाय अजून," मालन बोलली. "उशी लावली तर बसते. काढली की कलंडली."

"म्हणून तर ने."

मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

कसला सुटतोय. मालनच्या घरात मला कोपऱ्यात ठेवलं आणि ती पोर दिवसभर घरात नसायचीच. मी येण्याआधी पावसात आई लावणीला, तेव्हा ती झाडाच्या झोळीत. दिवाळीनंतर मिठागरावर, तिथं पण झोळीत. खाली ठेवणार कुठं? खाली खारा चिखल, वर ऊन, कोवळ्या कातडीला मीठ लागलं की ती सोलवटते. म्हणून दोन बांबूंना जुनं लुगडं बांधायचं आणि त्यात लक्ष्मी. पोर चलाख होती. नाव घेतलं की बघायची, आजीचं नाक ओढायची, बापाच्या मिशा धरून खिदळायची. पण मान सोडली तर सगळं अंग झोळीसारखंच, मधोमध लोंबणारं. नववा महिना लागला आणि कूस पण वळत नव्हती.

संक्रांतीला आजी, म्हणजे धाकूची आई हौसाबाई, चुलीपाशी बोलली, "सगुणा येते शिमग्याला. लक्ष्मीला शहाडला घेऊन जाईल. घरात गाय हाय, माणसं हाईत. पोर उभी राहिली की आण परत."

सगुणा धाकूची बहीण. मालननं भाकरी थापायची थांबवली. "आणि तिनं परत नाय दिली तर?"

"नणंद हाय तुझी, चोर नाय."

"पोटी पोर नाय तिच्या."

"म्हणूनच जीव लावील."

"मग तुम्ही ठेवा की, आत्या, घरात."

"माझ्या कमरेला कळशी उचलवत नाय, पोर उचलू?"

मालन धाकूकडं बघत राहिली. तो बोटानं ताटातलं मीठ सारत होता. मला असा राग आलेला त्याचा.

दुसऱ्या दिवशी पॉल धावत अंगणात आला, लक्ष्मीपुढं नाचला आणि गेला. मालन तशीच उठली. मला अंगणात ओढलं, लक्ष्मीला उभी धरली, तिचे दोन्ही हात चिंधीनं माझ्या दांडीला बांधले आणि मागून ढकललं.

अंगणाला उतार होता, आणि चाकाला काय कळतं? मी पळालो. किती दिवसांनी पळालो. तिचे गुडघे दुमडले, पाय मागं फरफटले, हनुवटी दांडीवर आपटली. ओठ फाटला. धाकू धावत आला, चिंधी तोडली, पोर आईकडं दिली आणि मला उचलून कुंपणावर भिरकावलं. पुढचं चाक दगडावर फुटलं.

"माणसाचं पोर हाय का बैल, बांधायला?" तो बोलला.

"मग तू बोल ना आपल्या आईला, नाय पाठवत म्हणून," मालन बोलली. तिच्या पदरावर रक्त होतं.

हौसाबाई दारात उभी होती. तिनं त्या पदराकडं बघितलं. मग बोलली, "उद्यापासून ठेव तिला माझ्यापाशी. उचलणार नाय. खाली ठेवीन. रडली तर रडली."

मला जळणासाठी घरात आणलं. नाक जमिनीत, ढुंगण वर.

आजीनं सारवलेल्या जमिनीवर गोधडी टाकली आणि पोरीला पालथी घातली. पहिले दिवस नुसता आकांत. म्हातारी बाजूला बसून तांदूळ निवडायची आणि बडबडायची, "रड बाय, मी पण रडतेय कमरेपायी." मग लक्ष्मीनं एकदा हातांवर छाती उचलली. एकदा उताणी झाली आणि तिची तीच दचकली. मग बसली. रांगली कधीच नाही. एक हात टेकून बुडावर सरकायची, होडी ढकलल्यासारखी, आणि सुपातले तांदूळ सांडायची. मालन कामावरून आली की आधी तांदूळ कुठवर सांडलेत ते बघायची.

पण उभी कुठं राहत होती? शिमगा आला आणि सगुणा आली. नवं झबलं, चांदीचे वाळे घेऊन.

"अगं वहिनी, असं काय बघतेस? वाघ हाय का मी?"

"पाणी देते," मालन बोलली, आणि जागची हलली नाही.

सगुणानं लक्ष्मीपुढं वाळे वाजवले. पोर वळली, पण वाळ्यांकडं नाही. सरकत सरकत माझ्याकडं आली. माझी फळी धरली. मग दांडी. गुडघ्यावर झाली. माझी मागची दोन चाकं अशी शिवशिवली म्हणून सांगू, सगळं अंग पळ पळ करत होतं. पण नाक जमिनीत रुतलेलं. तिनं सगळा भार टाकला आणि मी तसूभर हललो नाही.

ती उभी राहिली.

मालनचे हात पुढं गेले. हौसाबाईनं तिचं मनगट धरलं. "हात लावू नको."

लक्ष्मीचे गुडघे लटलट कापत होते. धपकन बसली. कुणाकडं बघितलं नाही. परत दांडी धरली, परत उठली.

सगुणानं झबलं घडी करून मांडीवर ठेवलं. "आई, उभी राहिली की परत आण, असंच ठरलेलं ना?"

हौसाबाईनं मान डोलावली.

"मग नेऊ कशाला?" सगुणा पुढं सरकली, पोरीच्या पायांत वाळे घातले. नाक ओढत बोलली, "आता वाजतील तरी. दिवाळीला शहाडला या. सगळी या. नाय आलात तर मग बघा."

त्या संध्याकाळी मालननं सगुणासाठी पुरणपोळी केली आणि पहिली तिलाच वाढली.

अल्फान्सो नवं चाक घेऊन आला, तर मालन बोलली, "इतक्यात नको, भाऊ. तिला सुटू दे." लक्ष्मी सुटली, मग चाकाचं कुणालाच आठवलं नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी बाळ असेल तर त्याला खाली ठेवा. गोधडी टाका, काटाकिडा बघा आणि बाजूला बसा. शेजारचं पोर चाललं म्हणून आपल्याचे हात बांधू नका. माळ्यावर माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल तर त्याला पण उतरवा, चाकांना तेल द्या. फक्त पहिले काही दिवस त्याच्या पुढच्या चाकाला एक वीट लावा. तो तडफडेल. तडफडू द्या.