उशाशी दोन फळ्या

साठी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण थोरली बहीण अजून ठणठणीत होती आणि घाटापलीकडे राहत होती. दोघींची गाठ पडून सहा वर्षं झाली होती. धाकटीने नवऱ्यामागे भुणभुण लावून जुनी मोटरहोम घ्यायला लावली, ती याच भेटीसाठी.

नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. उभ्या नोकरीत आपली गाडी वाटेत कधी बंद पडली नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. तेल, पाणी, हवा बघायची ती सकाळी गाडी हलवण्याआधी, मग दिवसभर तिकडे फिरकायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. आता त्यात गॅसच्या टाकीची भर पडली होती. स्वयंपाक, हीटर, अंघोळीचं पाणी, सगळी भिस्त त्या टाकीवर. घाटात गॅस मिळत नाही आणि रात्री थंडी मरणाची, म्हणून काटा पावच्या खाली गेला की मागे फिरायचं, असं त्याने निघतानाच बजावलं होतं.

आणि काटा भराभर उतरत होता. टाकी भरून निघाले, तरी पहिल्याच सकाळी तो बराच खाली दिसला. नवऱ्याने लगेच काटकसर सुरू केली. चहा एकदाच, हीटर बंद, अंघोळ गार पाण्याची. भांडी गरम पाण्याने घासतेस, म्हणून तिच्यावर संशयही घेऊन झाला. तो स्वतःही दात वाजवत गार पाणी अंगावर घेत होता, त्यामुळे तिला भांडायलाही तोंड नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी सकाळी काटा पावच्या खाली गेला. नवऱ्याने मान हलवली आणि गाडी वळवायची म्हणाला. धाकटीला रडूच फुटलं. थोरलीला काय सांगायचं, या विचाराने तिचा हात फोनकडे जाईना.

पण फळ्या उचलायचं काम तिचं होतं, ते रडतानाही करणं भाग होतं. उशाची बाजू उंच नसली की नवऱ्याच्या घशाशी आंबट यायचं. म्हणून तो रोज संध्याकाळी पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवायचा आणि सकाळी खाली घ्यायचा. गाडी खाली उतरली, तशी ती फळ्या गाडीच्या पोटातल्या खणात कोंबायला वाकली. शेजारीच टाकीच्या खणाचं दार नवऱ्याने रागाच्या भरात उघडंच टाकलं होतं. आत काटा अर्ध्याच्या बराच वर होता.

तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मग नवऱ्याला हाक मारून गाडी परत फळ्यांवर चढवायला लावली. काटा खाली गेला. उतरवायला लावली, काटा वर आला. नवरा खाली उतरून बघत राहिला.

"गॅस कुठे गेला नव्हता," ती म्हणाली. "पातेलं कलंडलं की पाणी एका बाजूला जातं ना, तसा टाकीतला पातळ गॅस मागे जाऊन बसत होता. तुमच्या उशापायी."

हात पाठीमागे बांधून त्याने गाडीला दोन चकरा मारल्या. गॅस थंडीनेही थोडा आकसतो, सकाळी काटा जरा कमी दाखवणारच, असं त्याने ऐकवून पाहिलं. तेही खरंच होतं, म्हणून तिने तेवढा मान त्याला राहू दिला.

"आज सपाट झोपेन," तो शेवटी म्हणाला. "पण आधी पाणी तापव. कढत. मग घाट."

थोड्या वेळाने आतून वाफ आणि एक बेसूर गाणं बाहेर येऊ लागलं. मध्येच गाणं थांबवून त्याने विचारलं, काटा बघ गं, किती उतरला?

धाकटी पायरीवर बसून थोरलीशी फोनवर बोलत होती. टाकीकडे न बघताच तिने ओरडून सांगितलं, "हललासुद्धा नाही. घ्या अजून दोन बादल्या."