सगळ्यांच्या पानावरची पट्टी

आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर स्टाफमधल्या चाळीस जणांची पानं आहेत. वरची पट्टी मात्र एकाच फाइलमध्ये. सर्व्हर ती प्रत्येक पानाला जोडतो आणि ज्याचं पान त्याचं नाव तिच्यात आपोआप भरतो. ही अक्कल माझीच!

सकाळी आमचे ग्रंथपाल गेले. 'यांचे दुःखद निधन' ही ओळ मी घाईत त्यांच्या पानाऐवजी त्या पट्टीतच टाकली आणि चहाला गेलो. परतलो तर दारात प्राचार्य, चेहरा पांढराफटक.

"अहो, मी कधी मेलो?"

मी स्क्रीनकडे धावलो. चाळीसच्या चाळीस जण गेले होते, मीसुद्धा.

टेबलावर विसरलेला मोबाइल वाजत होता. माझं पान रोज कौतुकाने उघडणाऱ्या आईचा तो अकरावा फोन.

"आई, मी बोलतोय."

पलीकडून दबका आवाज आला, "मी म्हणजे कोण?"