सवतीची माती

अर्जुनरावांचं तेरावं उरकलं आणि दोघी सवतींनी चुली वेगळ्या केल्या. थोरली बायनाबाई आष्टीकडची, धाकटी गीताबाई दिंद्रुडची. नवरा होता तोवर दोघी एका छपराखाली राहिल्या, पण तोंड उघडलं ते एकमेकींना टोचायलाच.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. मोमिनाबादेला तेव्हा घोडदळाची छावणी होती आणि अर्जुनराव तिथल्या घोड्यांना लसूणघास पुरवायचे. वाटणीत घासाचा जुना तुकडा बायनाबाईकडे गेला. गीताबाईला बांधापलीकडचं काळं रान मिळालं. तिनं घरातलंच बी पेरलं, ओढ्याचं पाणी दिलं. उगवण दाट झाली, पण वीतभर वाढून घास पिवळा पडला. शेणखत घातलं, तरी रंग तोच. बांधाच्या अल्याड थोरलीचा घास गुडघाभर उभा होता.

बायनाबाई गावभर सांगत सुटली, की हिनं आधी नवरा खाल्ला, आता रान खातीय. गीताबाईही कमी नव्हती. देवानं वांझेच्या पदरात घास तरी घातला, असं ती पाणवठ्यावर चारचौघींत बोलली. ते त्याच दिवशी थोरलीच्या कानी गेलं.

 तिच्या घासाच्या तुकड्याचा एक कोपरा हराळीच्या तणानं भरला होता. गीताबाई बाजाराला गेल्याचं पाहून थोरलीनं तो कोपरा खणायला लावला, आणि मुळांसकट ती ढेकळं गाडीत भरून सवतीच्या उभ्या पिकात ओतायला सांगितलं. गडी म्हाळू कचरला. एकदा शिरलेली हराळी पिढ्यान्‌पिढ्या जात नाही, हे पाप माझ्या हातून नको, म्हणाला. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच बायनाबाई म्हणाली. म्हाळूनं गाडी जुंपली.

गीताबाई परतली तेव्हा पिकात जागोजागी ढीग होते. ती संतापानं रडली, मग पदर खोचून बसली आणि हराळीची कांडी न्‌ कांडी वेचून जाळली. माती परत वाहून नेण्याचं बळ उरलं नव्हतं. ती तिनं तिथंच पसरली आणि पाणी सोडलं.

फाल्गुनात त्या जागा हिरव्या झाल्या. जिथं ढीग होता तिथला घास काळपट हिरवा, बाकी सगळा पिवळा. बांधावरून ते पाहिलं आणि बायनाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या रानाची बरकत हिनं ओढून घेतली, असं म्हणत ती खुरपं घेऊन आत शिरली आणि हिरवे ठोंब उपटू लागली. गीताबाईनं तिचं मनगट धरलं. झटापटीत खुरपं धाकटीच्या तळहाताला लागलं.

छावणीतले घोड्यांचे वैद्य, भगवानराव सलोतरी, त्याच दिवशी घास बघायला आले होते. त्यांनी म्हाळूच्या मदतीनं दोघींना बाजूला केलं. मग एक हिरवा आणि एक पिवळा ठोंब शेजारी धरला. हिरव्याच्या मुळांना बारीक गुलाबी गाठी होत्या, पिवळ्याची मुळं बोडकी.

"रोग हाय का?" बायनाबाईनं विचारलं.

सलोतरी म्हणाले, रोगच होता, कधीकाळी. मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव मुळात घुसले, चोरासारखे. झाडानं त्यांना कोंडलं, खाऊ घातलं, आणि बदल्यात हवेतलं खत काढून घेतलं. असं होता होता लाखो वर्षं गेली. अर्जुनरावांनी पुण्याकडून घासाचे ठोंब मातीसकट आणले होते, त्यातून ते जीव जुन्या तुकड्यात आले. या रानात ते नव्हतेच.

"मंग आता त्यांचं भांडण मिटलं म्हना," गीताबाई हात बांधत म्हणाली.

"मला न्हाई वाटत. फुकट बसून खाणाऱ्या जीवाला झाड पोसत नसावं," सलोतरी म्हणाले.

बायनाबाईनं आपलं खुरपं उचललं. "म्हंजे म्या वाटोळं करायला टाकलेली माती हिला लागू पडली," ती म्हणाली आणि चालू लागली.

घासाच्या मुळांची चिमूटभर माती पुन्हा सवतीला मिळू नये म्हणून तिनं घासाचा सगळा तुकडा नांगरून टाकला. तोवर गीताबाईनं हिरव्या जागांची माती रानभर पसरली होती. मोडलेल्या तुकड्यात थोरलीनं ज्वारी पेरली. ती पुरुषभर उंच झाली, कणसं हातात मावेनात. जमिनीत घासाचं खत मुरलं होतं, हे बायनाबाईला ठाऊक होतं. ती ज्वारी तिनं रागानंच खाल्ली.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला. गीताबाईचा घास वाळू लागला. बायनाबाईच्या वाटणीला आलेल्या विहिरीला पाणी होतं, पण तिच्या बैलांना हिरवी काडी नव्हती. म्हाळूनं दोघींकडे खेटे घातले, शेवटी त्या बांधावर समोरासमोर आल्या.

"पानी फुकट न्हाई," बायनाबाई म्हणाली.

"घासबी न्हाई," गीताबाई म्हणाली.

तेव्हापासून सकाळी पाट सुटायचा आणि बांधावर भारा पडायचा. भारा हलका असला की दुपारच्या आत पाट बंद व्हायचा. पाणी कमी आलं की दुसऱ्या दिवशी भारा निम्मा व्हायचा. वर्षानुवर्षं हे चाललं, पण बोलणं नव्हतं. सवती आता एक झाल्या असं कुणी गावात म्हणालं, तर दोघीही त्याला शिव्या घालायच्या.