तीन नंबरचा पिस्टन

दातांच्या डॉक्टरांनी गाडी आणली ती ट्रकवर घालून, कारण तिला इंजिनच नव्हतं. साठ वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीच्या गाडीची ती नक्कल होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर फायबरची बॉडी, पुढे आ वासलेलं तोंड. लांबून पाहणाऱ्याला अस्सल वाटावी. जवळ जाऊन बोटानं टकटक केलं की बादलीसारखा आवाज येई.

"काका, हिला पाचशे घोड्यांचं इंजिन हवंय," डॉक्टर म्हणाले. "दिसते तशी पळायला पण पाहिजे ना."

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली. चाळीस वर्षं ते इंजिनं उघडत आणि बांधत आले होते. टॅक्सी, टेंपो, पाण्याचे पंप, एकदा तर एक बोटसुद्धा. "बांधून देऊ," ते म्हणाले, "पण मी नाही. ही बांधेल."

ही म्हणजे त्यांची मुलगी. ती स्टुलावर बसून एक व्हॉल्व्ह घासत होती. तिनं मान वर केली. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

डॉक्टर हसले. "ताई हुशार आहेत, त्यात वाद नाही. पण हात तुमचा लागला असता तर..."

"हात तिचाच लागेल. हे इंजिन टिकलं की पुढची सगळी तीच बांधणार. मी बाहेर खुर्ची टाकून बसणार आणि आल्यागेल्याला सल्ले देणार."

"ते तर तू आत्ताही करतोस, बाबा," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली, पण जाताना बजावलं, "बिघडलं तर मात्र पुन्हा तुम्हीच बांधायचं, काका. मी दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही."

मुलगी नऊ वर्षं त्या वर्कशॉपमध्ये काम करत होती. अजूनही आलेलं गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून आत डोकावायचं आणि विचारायचं, "मिस्त्री आहेत का?" त्या दिवशी ट्रक गेल्यावर तिनं हात धुतले, वहीचं कोरं पान काढलं आणि पहिल्या बोल्टपासून यादी करायला बसली.

टर्बो म्हणजे काय, ते मिस्त्री सुट्टीत गल्लीतल्या मुलांना फार छान समजावत. एका दांड्यावर दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, म्हणून दुसराही फिरतो आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. "म्हणजे फुकटची ताकद?" एखादं पोर विचारी. "फुकट काही नाही, राजा," मिस्त्री म्हणत. "आत उष्णता किती वाढते, ते त्या बिचाऱ्या पिस्टनला विचार."

एवढं ते मुलांना सांगत. पण टर्बोचं असं इंजिन त्यांनी स्वतः कधी बांधलेलं नव्हतं. मुलीनं मात्र वर्षभर त्याचाच अभ्यास केला होता. पुस्तकं वाचली होती, दूरदूरच्या कारागिरांना पत्रं लिहून शंका विचारल्या होत्या. एकदा जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, टर्बोला रिंगांची गॅप वाढवावी लागते. आपण नेहमी ठेवतो तेवढी नाही चालत." मिस्त्री म्हणाले होते, "आधी जेव. भाजी गार होतेय." आणि तो विषय भाजीबरोबर संपला होता.

पिस्टनच्या कडेनं लोखंडी रिंगा बसवलेल्या असतात. रिंग पूर्ण गोल नसते, एका ठिकाणी तिला चीर असते, आणि त्या दोन टोकांमधल्या जागेला गॅप म्हणतात. रिंग तापली की वाढते आणि ती गॅप भरून काढते. गॅप फार मोठी असेल तर दाब निसटतो, इंजिन धूर ओकतं. मिस्त्रींनी आयुष्यभर शिकाऊ पोरांच्या ढिल्या गॅपा परत पाठवल्या होत्या. "यातून म्हैस जाईल," असं ते म्हणत.

वर्कशॉपचा एक नियम होता आणि तो त्यांनीच घालून दिला होता. मोजून, तपासून झालेल्या कामावर स्वच्छ पांढरं फडकं टाकायचं. फडकं ज्यानं टाकलं त्यानंच उचलायचं. मग त्या कामाला दुसऱ्याचा हात लागत नाही आणि पुन्हा मोजायचीही गरज उरत नाही. मुलगी सात वर्षांची असताना तिनं एकदा असं फडकं उचलून पाहिलं होतं, तेव्हा मिस्त्रींनी तिला दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसवलं होतं.

त्या रविवारी दुपारी मुलगी इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, तोलून आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. मिस्त्री सहज म्हणून वर्कशॉपमध्ये आले. टेबलावर फडकं होतं. त्याखाली चार नवे कोरे पिस्टन असणार, रिंगांसकट. असले ओतीव नसलेले, ठोकून घडवलेले पिस्टन त्यांनी कधी हातात घेतले नव्हते. नुसतं बघावं म्हणून त्यांनी फडकं उचललं.

पिस्टन देखणे होते. प्रत्येकाजवळ मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी होती. वरची रिंग, पंचावन्न. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. मिस्त्रींना वाटलं, घाईत चूक झाली असेल. त्यांनी एक रिंग काढून सिलिंडरमध्ये सरकवली आणि पातळ पट्ट्यांनी गॅप मोजली. पंचावन्नच होती. चारही सिलिंडरांत तेच. म्हणजे तिनं मुद्दाम ठेवली होती. कुठंतरी वाचलं असेल, झालं.

फोन करावा असं त्यांच्या मनात आलं. पण ती अर्धा तास वाद घालील, हेही मनात आलं. आणि उद्या इंजिनानं धूर ओकला तर डॉक्टर काय म्हणतील, ते तर त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. पोरीचं हे पहिलंच मोठं काम. ते बिघडू द्यायचं का?

डॉक्टरांनी रिंगांचा एक जादा संच देऊन ठेवला होता. मिस्त्रींनी त्यातल्या चार वरच्या रिंगा घेतल्या, कानशीनं घासून गॅप तीस केली, चाळीस वर्षं ठेवली तशी, आणि पिस्टनवर चढवल्या. मुलीच्या रिंगा जाद्याच्या डबीत ठेवल्या. चिठ्ठ्या होत्या तिथंच राहू दिल्या, फडकं पूर्वीसारखं टाकलं. इंजिन चाललं की एक दिवस हसत हसत सांगू, असं त्यांनी ठरवलं. हात धुताना त्यांना बरं वाटत होतं.

मुलीनं परत येऊन फडकं उचललं आणि पिस्टन चढवले. पुन्हा मोजायचा प्रश्नच नव्हता.

महिन्याभरानं गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली. चाकं जागच्या जागी फिरतात आणि पडद्यावर आकडे उमटतात. टर्बोचा दाब आधी कमी ठेवला. दोनशे साठ. थोडा वाढवला. तीनशे नव्वद. डॉक्टरांनी कानावरचे हात काढून टाळ्या वाजवल्या. "ताई, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. मुलीनं बाबांकडे पाहिलं. मिस्त्रींना वाटलं, सांगायचा दिवस हाच.

तिसऱ्या वेळी पूर्ण दाब. चारशे चाळीस, चारशे सत्तर, आणि मग आतून कोणी पत्र्याचा डबा चिरडल्यासारखा आवाज आला. मागून निळा धूर निघाला. मुलीनं तत्क्षणी इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये इंजिन उघडलं तेव्हा डॉक्टर समोर उभे होते. तीन नंबरच्या पिस्टनची कड तुटली होती. वरच्या रिंगेचे तुकडे झाले होते आणि सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे होते. मुलीनं एक तुकडा उजेडात धरला. त्याचं टोक आरशासारखं चकाकत होतं. बाकीच्या तीन रिंगांची टोकंही तशीच. म्हणजे रिंगा तापून वाढल्या, दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली गेली, आणि वाढायला जागाच उरली नाही.

"गॅप कमी पडली," ती हळू म्हणाली.

मग ती उठली, जाद्या रिंगांची डबी आणली आणि वरची एक रिंग चांगल्या सिलिंडरमध्ये सरकवून मोजली. पंचावन्न. कोऱ्या असायला हव्या होत्या त्या रिंगांवर तिच्याच कानशीच्या खुणा होत्या. बराच वेळ ती पाठमोरी उभी राहिली.

"बाबा," ती वळून म्हणाली, "मी रिंगांची गॅप किती ठेवली होती?"

डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा मिस्त्रींकडे बघत होते. मिस्त्रींच्या ओठावर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण डॉक्टर त्यांना काका म्हणत, चाळीस वर्षांत त्यांचं एकही इंजिन फुटलं नव्हतं, आणि झाकलेल्या कामाला हात लावला हे आपल्या तोंडानं कसं सांगायचं?

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी बघितलं नाही."

मुलीनं रिंग डबीत ठेवली आणि डबी बंद केली. "चूक माझी आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "इंजिन टिकलं नाही."

"होतं असं, ताई. मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाले, आणि मिस्त्रींकडे वळले. "मी म्हटलंच होतं, काका. आता तुम्ही बसा."

डॉक्टर गेल्यावर मिस्त्रींनी घसा साफ केला. "मी पुढं सांगीन त्यांना. योग्य वेळ बघून."

"नको," ती म्हणाली. "मी गप्प बसले ती तुला वाचवायला नाही. तू बोलशील म्हणून थांबले होते. पाच मिनिटं थांबले. तेवढी पुरेशी होती."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी."

"माझ्या भल्यासाठी केलंस, मग स्वतःचं नाव का नाही घेतलंस?"

पंधरा दिवसांत तिनं दुसऱ्या गावी, एका कारखान्याच्या चाचणी विभागात नोकरी धरली. तिची आई बॅग भरताना दोघांना आळीपाळीनं विचारत राहिली, "काय झालंय तुमचं? कोणी सांगेल का मला?" मुलगी म्हणाली, "बाबाला विचार." मिस्त्री म्हणाले, "काही नाही गं. तिला मोठ्या ठिकाणी जायचंय."

इंजिन मिस्त्रींनी पुन्हा बांधलं. नवा पिस्टन, दुरुस्त केलेला सिलिंडर, बाकी सगळं तिच्या वहीतल्या यादीबरहुकूम. गॅप पंचावन्न. पडद्यावर पाचशे बारा उमटले. डॉक्टरांनी मिठीच मारली. "जुना हात तो जुना हात," ते सगळ्यांना सांगत सुटले.

त्यांनी सांगितलेल्यांपैकी एक वकील वर्षअखेरीस वर्कशॉपमध्ये आला. त्यालाही तसलीच नक्कल-गाडी आणि तसलंच इंजिन हवं होतं, फक्त सिलिंडर मोठे. वहीत त्या मापाची गॅप नव्हती. मिस्त्रींनी दोन दिवस काढले आणि शेवटी मुलीला फोन लावला. मागं यंत्रांचा आवाज येत होता.

"सिलिंडर ब्याण्णवचा आहे," ते म्हणाले. "दाब तोच. वरची रिंग किती ठेवू?"

"साठ," ती म्हणाली. "दुसरी थोडी जास्त. पासष्ट."

"बरं. तू जेवलीस का?"

"हो. गिऱ्हाइकाला सांगशील का, कोणी सांगितलं ते?"

मिस्त्री म्हणाले, "सांगीन की."

"ठेवते, बाबा. माणसं थांबलीत."

वकील चौकस होता. रिंगा घासताना तो शेजारी स्टूल ओढून बसला आणि विचारू लागला, गॅप एवढी का, कमी ठेवली तर काय होतं. मिस्त्रींनी हातातली कानस बाजूला ठेवली. उष्णतेनं रिंग कशी वाढते, टोकं कशी भिडतात, पिस्टनची कड कशी तुटते, सगळं त्यांनी खडूनं टेबलावर आकृती काढून, सावकाश, लहान मुलाला कळेल इतकं सोपं करून सांगितलं.

वकील खूष झाला. "काका, हे सगळं शिकलात कुणाकडून?"

मिस्त्रींनी हातानं टेबलावरची आकृती पुसली.

"अनुभव," ते म्हणाले, आणि कानस उचलली.