माझ्यासमोर जेवायचं नाही

आमच्या घरात माझ्यासमोर कोणी जेवत नसे. तब्बल चार वर्षं. दुष्टपणाने नाही हो, प्रेमाने. तिथेच तर सगळं अडलं. दुष्टपणाने असतं तर मी कचाकचा भांडले असते, आणि भांडायला मी कोणाला भीत नाही. इतकी वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलंय मी. भर चौकात गाडी बंद पाडून "मॅडम, आता काय करू?" असं गोड आवाजात विचारणाऱ्यांना पुरून उरलेली बाई आहे.

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं तेव्हापासूनची ही गोष्ट. साखर वाढली होती, गुडघे कुरकुरत होते, ते सगळं होतंच. पण खरं कारण गाडीतलं होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. पोट मावावं म्हणून मी सीट मागे सरकवायची, आणि सीट मागे गेली की पाय ब्रेकपर्यंत पोचायचा नाही. एकदा एक आजोबा लाल सिग्नलला "हिरवाच आहे" म्हणत सुसाट निघाले आणि माझा पाय हवेतच राहिला. कसे वाचलो ते आमचं आम्हाला माहीत. त्या संध्याकाळी मी घरी येऊन जाहीर केलं, कापा म्हणावं पोट.

कापलं. पोटाची पिशवी होती तिचं केळ्याएवढं नळकांडं करून ठेवलं. भीतीने पोटात गोळा यायचा म्हटलं तरी जागा नव्हती. सुरुवातीला पाणीसुद्धा चमच्याने प्यायचे. एक घोट जास्त झाला की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. मग पातळ सूप, मग कुस्करलेला बटाटा, मग अर्धं उकडलेलं अंडं, तेही इतकं चावून चावून की जबडा दुखायचा. केस पुंजक्यापुंजक्याने गळायचे. पोटाला भूक नव्हती, पण डोक्यातली भूक कोण कापणार? एके दुपारी आमची ठकी, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा शाळकरी, टेबलावर बसून तळलेला मासा खात होती. चांगली कुरकुरीत कड आधी मोडून खायची तिची सवय. मी बघत राहिले, मग ताडकन उठले आणि खोलीत जाऊन हमसून हमसून रडले. माशासाठी! मेली लाजसुद्धा वाटली नाही.

ते रडणं सासूबाईंनी ऐकलं. आमच्या सासूबाईंनी उभा जन्म मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवली. पोरगी आजारी पडली, तिला पथ्य लागलं, की तिची खाट जेवणघरापासून लांबच्या खोलीत हलवायची, आणि मैत्रिणींना ताकीद द्यायची, आज काय शिजलं याचा तिच्यापुढे शब्द काढायचा नाही. पोरी आठ दिवसांत टुणटुणीत होऊन परत यायच्या. तोच कायदा त्यांनी घरात लावला. "हिच्यासमोर कोणी जेवायचं नाही. जेवणाचं नावसुद्धा काढायचं नाही." सासूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. फक्त ही खाट आठ दिवसांनी परत आणायची असते, हे त्याही विसरल्या आणि आम्हीही.

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. ते तिथेच मशीनमागे उभ्याउभ्या जेवून यायला लागले. ठकी मैत्रिणीकडे, नाहीतर ताट घेऊन आपल्या खोलीत, दार लावून. सासूबाई मी शिकवणीला गेले की दुपारी स्वयंपाकघरात. मी घरी यायच्या आत भांडी घासलेली, खिडक्या सताड उघड्या, घराला कसला म्हणून वास नाही. जेवणाचं टेबल भिंतीला लागलं आणि त्यावर इस्त्रीचे कपडे आले. मला किती बरं वाटलं तेव्हा! माझी माणसं माझ्यासाठी डोळ्यांत तेल घालून जपतायत म्हणून ऊर भरून यायचा.

वजन उतरलं. झरझर उतरलं. सीट पुढे आली, पाय ब्रेकवर टेकला, शिकायला येणाऱ्या बायका विचारायला लागल्या, मॅडम काय केलंत? दीड-दोन वर्षं मी हवेत होते.

मग ते परत यायला लागलं, हळूच, मागच्या दाराने. त्याचं असं आहे की नीट जेवणाला वेळ लागतो. भाजी, मासा, अंडं या छोट्या पोटात उतरवायचं तर अर्धा-पाऊण तास बसावं लागतं, घास बारीक करावा लागतो, समोर कोणी बोलायला असेल तर तेवढा वेळ निघतो. एकटीने भिंतीकडे बघत कोण बसणार तेवढं? आणि गाडीत दोन शिकवण्यांच्या मधे चहात बुडवलेली बिस्किटं मात्र अलगद उतरतात. आइस्क्रीम उतरतं. गोड कॉफी उतरते. अडत काही नाही, छाती दुखत नाही, भांडं उरत नाही. घरातले सगळे माझ्यापासून लपून खात होते, मीही लपून खायला शिकले. आमच्या घरात आता तीच रीत होती ना!

त्यात छातीतली जळजळ सुरू झाली. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. गेल्या महिन्यात सीट पुन्हा एक खाच मागे गेली, आणि एका पोरीने गाडी फुटपाथवर घातली तेव्हा माझ्या बुटाचं फक्त टोक ब्रेकला लागलं. पाचावर धारण बसली माझी. गेले सर्जनकडे.

सर्जन स्वभावाने चांगला, पण बोलणं तासून काढलेलं. म्हणाला, "पुन्हा ऑपरेशन करता येईल. नळीचा वरचा भाग तोडून आतड्याला जोडू. जळजळ थांबेल, वजनही उतरेल. पण दुसऱ्यांदा उघडायचं म्हणजे धोका पहिल्यापेक्षा जास्त. आणि खाण्याचं पहिल्या वेळी जे झालं तेच पुन्हा झालं, तर तिसरा रस्ता माझ्याकडे नाही." तारीख पुढच्या महिन्यातली होती. "विचार करा," म्हणाला, "आणि घरच्यांना घेऊन आहाराच्या बाईंना भेटा."

हे आले बरोबर. आहाराच्या बाई अगदी तरुण, सर्दीने नाक लाल झालेलं, सारखी शिंकत होती बिचारी. तिने विचारलं, "घरी कोणाबरोबर जेवता?"

"कोणाबरोबर नाही," मी म्हटलं.

"आम्ही कोणीच हिच्यासमोर जेवत नाही," हे म्हणाले, आणि काय सांगू, छाती पुढे काढून म्हणाले! "चार वर्षांत एकदासुद्धा नाही."

ती शिंकायची थांबली. "चार वर्षं?" तिने यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, ते पहिले दोन-तीन आठवडे ठीक होतं. मग या कोणाकडे बघून हळू जेवणार? थांबा म्हणून यांना कोण सांगणार?"

यांची छाती आत गेली. मला तर कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ती पुढे म्हणाली की ऑपरेशन करा किंवा नका करू, आधी महिनाभर रोज एक वेळ सगळ्यांनी एका टेबलावर बसा. त्याशिवाय ती सर्जनला होकार कळवणार नाही. परतताना गाडीत मी यांच्यावर उखडले. "छाती कसली काढता पुढे? एकदा तरी म्हणायचं होतं, अगं ये, बस." हे म्हणाले, "तू तरी कुठे म्हणालीस, अहो बसा?"

रविवारी टेबल भिंतीपासून ओढलं. इस्त्रीचे कपडे पलंगावर. ठकीने बटाटे उकडले, सासूबाईंनी भाज्यांचं घट्ट सूप केलं, मी मासा वाफवला. बसलो चौघं. आणि बघा गंमत, कोणाला जेवताच येईना! ठकी घास घ्यायची आणि माझ्याकडे बघून तोंडापुढे हात धरायची. हे तर दाराकडे तोंड करून बसले, चोरी करताना सापडल्यासारखे. मी खेकसले, "अरे, खा ना नीट! मी काय तुमचे घास मोजतेय?" तेव्हा कुठे ठकी खुदकन हसली आणि चमचे वाजायला लागले.

सासूबाईंचा चमचा मात्र वाजतच होता. वाटीच्या कडेवर टकटक, टकटक. मी वर बघितलं. त्यांचा हात थरथरत होता. सूप चमच्यात भरायचं, आणि ओठापर्यंत जाईतो टेबलावर सांडून चमच्यात काही उरायचं नाही. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी तेच. मग त्यांनी चमचा खाली ठेवला, आमच्याकडे न बघता वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. इतक्या सराईतपणे, की त्या रोज असंच करत असणार हे आम्हाला कळलं. बटाट्याला त्यांनी हात लावला नाही. माशालाही नाही.

"आजी, हात?" ठकी म्हणाली.

"काही नाही गं, म्हातारपण," त्या म्हणाल्या. "होतं असं."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. घरात त्या सैल कपडेच घालतात, त्यात काही दिसत नाही. पण बाही मागे सरकली होती आणि मनगट काडीसारखं झालं होतं. सगळं घर माझ्या वजनावर डोळे लावून बसलेलं. मी रोज सकाळी काट्यावर चढायची, आकडा ओरडून सांगायची, सगळे हळहळायचे. आणि शेजारच्या खोलीत ही बाई वाळत चालली होती, तिला काट्यावर कोण चढवणार? तिचं जेवण बघायलाच घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिकवण्या रद्द करून आम्ही तिघांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. त्याने हात पुढे करायला लावले, चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावला. मग आम्हाला विचारलं, "जेवताना हात कधीपासून थरथरतो?" हे माझ्याकडे बघायला लागले, मी ठकीकडे. तिघांपैकी एकाला सांगता येईना. डॉक्टर म्हणाला, कंपवात आहे, आजार जाणारा नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं.

सर्जनकडून फोन आला, तारखेचं काय? मी म्हटलं, या महिन्यात नको. तो म्हणाला, थांबलात तर वजन आणखी वाढेल. म्हटलं, वाढेल कदाचित. जळजळ आहेच, सीटही मागेच आहे, आणि कापून घ्यायला मी कदाचित येईनही. पण ऑपरेशन झालं की मी पुन्हा महिना-दोन महिने चमच्याने पाणी पिणार, आणि सासूबाईंचं जेवण पुन्हा स्वयंपाकघरात जाणार. ते मला आता सोसायचं नाही. ड्रायव्हिंग शाळेच्या मालकांना सांगून दुपारची एक शिकवणी सोडली. गाडी चालवते, पण शिकवायच्या सीटवर सध्या दुसरी बाई बसते. मी वर्गात फळ्यावर वाहतुकीच्या खुणा शिकवते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? रस्त्यावर फार छान शिकवायची मी.

दुपारी आता मी आणि सासूबाई टेबलावर बसतो. मी त्यांना भरवते. एक घास त्यांना, एक मला. मला चावायला वेळ लागतो, त्यांना गिळायला, त्यामुळे कोणालाच घाई नसते. काल मी त्यांना विचारलं, "आई, इतके दिवस सांगितलं का नाही? एका शब्दाने तरी?"

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाल्या, "मेसमध्ये कायम पोरींच्या गलक्यात जेवलेली मी. इथे ओट्याशी एकटी उभी राहून खायची ना, तेव्हा रोज वाटायचं, आज ही आली की विचारेल, आई जेवलात का? मग मी सांगेन, हात चालत नाही गं. पण जेवणाचं नाव काढायचं नाही हे मीच सांगितलेलं. तू कशी विचारणार?"

मी पुढचा घास केला, पण तो त्यांच्या तोंडाशी नेताना माझाच हात थरथरायला लागला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हळू."