लाल उजेडातल्या हिरव्या बांगड्या

दिघोरीच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. भर दुपारी खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता. प्रकाशबाबांचा दिवा म्हणे सूर्यापुढे लाजतो. बाबा पुटपुटले की दिवा निळा होई, हिरवा होई, आणि बाधलेलं माणूस समोर आलं की लालभडक. बाबांचा उजवा हात मात्र शेल्याबाहेर कधी निघत नसे. भक्त म्हणत, आशीर्वाद गरम राहतो.

शकुबाई सुनेला, ज्योत्स्नाला, घेऊन पुढे झाली; मुलगा हेमराज मागे खिडकीशीच उभा राहिला. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही, एवढाच पोरीचा गुन्हा. दिवा लाल झाला आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या सगळ्यांदेखत काळ्या पडल्या.

"बाधा हाये," बाबा म्हणाले. "धानाच्या रोवण्याआधी माहेरी धाडा. हिचा पाय शेताच्या बांधीत पडला तं धान भरणार नाही."

शकुबाईनं सुनेकडे पाहिलं. चिखलात आपल्या बरोबरीनं रोवणारी, सांजेला आपलेच पाय दाबून देणारी ही पोर. पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं?

तेवढ्यात शाळेच्या उर्वशी मॅडम बुटाचा खोका घेऊन आल्या. खोक्याला एकीकडे बारीक चीर, वर डोळा लावायला भोक, आत जुन्या सीडीचा तुकडा.

"शकुमाय, आधी दाराकडच्या उजेडाकडे धरून पाहा."

"हे तं इंद्रधनुष्य हाये वं."

"आता बाबांच्या दिव्याकडे."

"एकच लाल पट्टा. बाकीचे रंग कुठी गेले?"

"दिव्यात नाहीतच. हिरवी वस्तू हिरवा उजेड परत फेकते. दिव्यात हिरवा नसला तर ती फेकणार काय? काळी दिसते." मॅडमनी वही उघडली. "साकोलीहून असाच बल्ब आणून मी त्याचे पट्टे मोजले, कुठल्या रंगात काय काळं दिसेल ते आधीच मांडलं. पूजेतलं विड्याचं पान आणा. काळं दिसेल."

शकुबाईनं पान दिव्याखाली धरलं. काळंकुट्ट.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "देवाच्या पानालेही बाधा झाली का? त्याचं माहेर कोणतं?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाबा उठायला गेले, शेला सरकला आणि मुठीतला रिमोट खाली पडला.

"दैवी यंत्र हाये ते," बाबा पुटपुटले.

"मंग आमीबी पूजा करतो," म्हणत शकुबाईनं तो उचलला आणि हिरवं बटण दाबलं. बांगड्या हिरव्यागार झाल्या.

"उतरली बाधा. चाल ज्योत्स्ना, उद्या रोवणा हाये. आन् रोवणा झाला का डाक्टरकडं जा. हेमराजलेही ने, तपासणी दोघाईची राह्यते."

हेमराज एकाएकी गोणपाटाची वीण निरखू लागला.

डोळ्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. पण पोरीला घराबाहेर काढण्याआधी एवढं तरी विचारा, की हे कोणाच्या उजेडात पाहिलं, आणि बटण कोणाच्या हातात होतं.